मदत हवी आहे: पाऊस नाही तरी माळ्यावर पाणी पडतंय

जांबोटी_क्रॉस
पाऊस जाऊन महिना झाला, तरी पहाटे माळ्यावर पाणी पडूलालंय. वाशांना काळी बुरशी आलीय. छप्पर दोन वर्षांमागंच बदललंय. गवंडी म्हणतोय, वरनं रबरी वॉटरप्रूफचे दोन हात मारा. कुठलं घेऊ आणि किती लिटर लागेल तेवढं सांगा. रविवारी माणसं येणार आहेत, जरा लवकर.

पत्रा_फिटर
कौल का पत्रा ते सांगा की ओ आधी. पाणी एकाच जागी का सगळीकडे? रात्रभर का पहाटेच? खाली सीलिंग आहे काय? लिटरचं नंतर बघू.

जांबोटी_क्रॉस
पत्राच, दुसरं काय! अर्ध्या मिलीचा रंगीत, ३० बाय २० फूट. खाली पीव्हीसी सीलिंग. पाणी सगळीकडे. लिटर?

शहापूरकर
स्क्रूचे वायसर गेले असणार. फिटर मशीन जोरात दाबतात, रबर चिरडून बाहेर येतं आणि तिथनं पाणी शिरतं. सगळे स्क्रू बदला, एक माप जाड घ्या.

ओल_तपासनीस
पाऊस नसताना वायसरमधनं पाणी कुठनं येणार? पत्र्याला घाम सुटलाय. वरचं दहिवर तसंच खालच्या अंगाला. उघड्या आभाळाच्या रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. माळ्यातली हवा २२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर सुमारे १८ अंशांलाच दव धरतं, आणि पहाटे पत्रा १२-१३ वर गेलेला असतो. वरनं वॉटरप्रूफ कितीही मारा, पाणी आतनंच आलंय.

खात्री करायची तर रात्री दहाला पत्र्याची आतली बाजू फडक्यानं कोरडी पुसा आणि चार-पाच स्क्रूंभोवती खडूनं गोल काढा. पहाटे पाचला बॅटरी घेऊन बघा. सगळ्या पत्र्यावर बारीक मोत्यांसारखे थेंब असले तर घाम. एखाद्या स्क्रूपासून ओघळ निघाला असला तर गळती. ढगाळ रात्री पाणी पडत नसेल तर घामच, विचारायलाच नको.

जांबोटी_क्रॉस
बघितलं. मोत्यांसारखेच आहेत, खडू जिथल्या तिथं. आणि परवा ढग होते तेव्हा पडलं नव्हतं, हे खरं. मग आता काय मारू?

टर्बो_हवा
आढ्यावर २४ इंची टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यानं फिरून आतली हवा बाहेर ओढणारे) दोन बसवा. वीज नको, काही नको. विषय संपला.

ओल_तपासनीस
नाही संपला. टर्बो हवा ओढणार कुठनं? वळचणीला हवा आत यायला वाट नसेल तर तो सीलिंगच्या फटींतनं घरातलीच दमट हवा वर ओढतो. जांबोटी, वळचणीला पत्र्याच्या नागमोडीखाली मोकळं आहे काय?

जांबोटी_क्रॉस
नाही. उंदरं येत होती म्हणून सगळीकडे फोम मारून बंद केलंय. आढ्याच्या टोपीखालीपण.

पत्रा_फिटर
झालं! डबा करून ठेवलाय.

कौलं_बरी
म्हणून म्हणतो, मंगळुरी कौलंच घाला. दोन कौलांच्या सांध्यातनं हवा खेळते आणि माती थोडी ओल पिऊन घेते. कौलाला असा घाम धरत नाही.

वडगाव_पेठ
आणि वानरं आल्यावर काय? एक टोळी फिरली की पन्नास कौलं फुटतात. मग पावसात माळ्यावर घमेली मांडत बसा.

कौलं_बरी
वानरं पत्र्यावर नाचतात तेव्हा झोप लागते काय तुम्हाला?

छत_सोलर
पत्र्यावर सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल तर रेल पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीवर) घ्या, नुसत्या पत्र्यावर नको.

ओल_तपासनीस
सोलरचं कुणी विचारलंय?

जांबोटी, हिशेब घ्या. माळा ६०० चौरस फूट. त्याच्या दीडशेवा भाग मोकळा हवा, म्हणजे ४ चौरस फूट, निम्मा खाली आणि निम्मा वर. दोन्ही वळचणींना ३० फूट लांब, पाऊण इंचाची सलग फट ठेवा. उंदरांसाठी फोम नको, ६ मिलीच्या भोकांची जी. आय. जाळी ठोका. जाळी थोडी वाट अडवते, म्हणून अर्ध्याऐवजी पाऊण इंच. वर आढं उघडू नका, बेळगावजवळच्या जांबोटीकडचा पाऊस वाऱ्यानं आडवा येतो. त्यापेक्षा दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीत आढ्याच्या जवळ एकेक चौरस फुटाची, खाली झुकत्या पट्ट्यांची जाळी बसवा. पट्ट्यासुद्धा जागा खातात, चौकट दीडपट मोठी धरा. गवंडी कानडी असला तर माळ्याला 'अट्ट' म्हणा, पटकन समजेल.

टर्बो_हवा
पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट. मग या जाळ्यांचा उपयोग काय?

ओल_तपासनीस
तेव्हा वाळत काही नाही, बरोबर. पण ढगांमुळं पत्रा तेवढा गारही होत नाही. खरा त्रास पाऊस उघडल्यापासून थंडी सरेपर्यंतच.

शहापूरकर
मग पत्र्याखाली ग्लासवूल भरा, एका दिवसाचं काम.

पत्रा_फिटर
उघडं ग्लासवूल नको. वाफ त्यातनं आरपार जाते, गार पत्र्याला पाणी धरतं आणि लोकर भिजून लोंबते. वर पत्रा सडतो, खालनं दिसतही नाही. घालायचंच तर ८ ते १० मिलीचा फॉइलवाला एक्सएलपीई फोम, फॉइल खालच्या बाजूला, पत्र्याला घट्ट चिकटवून, सांध्यांवर फॉइलची टेप. पोकळी राहिली तर पाणी आत लपून धरतं. पण आधी ओल कुठनं येते ते हुडका. न्हाणीघर, स्वयंपाकघर? १४.२ किलोचा गॅस जळला की २२ लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जातं.

जांबोटी_क्रॉस
न्हाणीचा एक्झॉस्ट माळ्यातच सोडलाय, बाहेर भोक पाडायला नको म्हणून. कपडे वर वाळत नाही घालत. बाकी वर काही नाही, नुसती भाताची आठ पोती.

ओल_तपासनीस
नुसती?? कधी ठेवली? वाळवून?

जांबोटी_क्रॉस
मळणी झाल्या झाल्या. ऊन धड नव्हतं, एक दिवस अंगणात घातलं आणि वर चढवलं. दरवर्षी तिथंच असतं.

ओल_तपासनीस
आधी कौलं असतील, आता डबा बंद आहे. १८ टक्के ओलीचं एक क्विंटल भात १४ टक्क्यांवर येताना साडेचार किलोहून जास्त पाणी सोडतं. पोतं ७० किलोचं धरलं तर आठ पोत्यांचं २६ लिटर, तेही बंद माळ्यात. पोती आजच खाली काढा, ऊन द्या. दाताखाली दाणा कडक तुटायला लागला की भरा, नाहीतर भातही काळवंडेल.

वडगाव_पेठ
बुरशी कशानं काढायची? ब्लीच?

पत्रा_फिटर
ब्लीच पत्र्यावर उडालं तर जस्त खातं. तोंडाला मास्क, कडक ब्रश, साबणाचं पाणी. वासे पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको.

जांबोटी_क्रॉस
पोती काढली, वळचणीचा फोम उपटला. चार दिवस झाले. आता फक्त न्हाणीच्या डोक्यावर हातभर जागेत थेंब आहेत. एक्झॉस्टची पाइप सरळ बाहेर काढू काय?

पत्रा_फिटर
४ इंची, भिंतीतनं बाहेर. उतार बाहेरच्या बाजूला, फुटाला पाव इंच. उलटा उतार दिला तर पाइपमधलं पाणी पंख्यावर येईल. माळ्यातल्या भागावर तोच फॉइलवाला फोम गुंडाळा आणि बाहेरच्या तोंडाला झडप लावा, उंदीर तिथनं पण येतात. रविवारच्या माणसांना तेवढंच काम द्या.