श्रेष्ठ, सरस की थोर? – ऑलिम्पिकविजेत्यांच्या तुलनेतील शब्द

शंका : सोलापुरातील आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकात ‘जलतरणपटू मायकेल फेल्प्स हा क्यूबाचा कुस्तीगीर मिहाईन लोपेझ याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे’ असे वाक्य आले असून, तेथे ‘श्रेष्ठ’ हा शब्द योग्य आहे की ‘सरस’ अथवा ‘थोर’ घ्यावा, याविषयी आमचे एकमत होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : ‘श्रेष्ठ’ हे संस्कृतातील तमभाववाचक रूप आहे, म्हणजे त्याचा मूळ अर्थच ‘सर्वांत चांगला’ असा असून, हे ‘सर्व’ एकाच जातीचे असणे त्यात गृहीत आहे. मराठीत ‘अमक्यापेक्षा श्रेष्ठ’ रूढ झाले आहे, त्याला मी चूक म्हणणार नाही. ‘श्रेष्ठतम’ मात्र टाळावे.

‘सरस’, ‘उजवा’, ‘वरचढ’ हे शब्द समोर जोड असल्याशिवाय उभेच राहत नाहीत. आपल्याकडे जत्रेच्या फडात पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, अंगलट आणि वजन नजरेने तोलतात, आणि मेळ नसला तर ‘जोड बसत नाही’ असे म्हणून त्यांना परत पाठवतात. फेल्प्स आणि लोपेझ यांची जोड अशीच बसत नाही. फेल्प्सची सुवर्णपदके २३, त्यांतली ८ एकट्या बीजिंगची (२००८); पण जलतरणात अंतर, पोहण्याचा प्रकार आणि रिले मिळून एकाच खेळाडूला अनेक शर्यती खुल्या असतात. कुस्तीगिराला एका ऑलिम्पिकमध्ये एकच वजनगट, आणि म्हणून एकच सुवर्ण मिळू शकते. लोपेझने ते २००८ पासून २०२४ पर्यंत सलग पाच वेळा जिंकले.

‘थोर’ला ‘पेक्षा’ची गरज लागत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना थोर म्हणताना सुवर्णविजेत्यांशी मोजमाप करावे लागत नाही. ‘महान’ हा शब्द जाहिरातींनी इतका झिजवला आहे की मी तो वापरणार नाही.

प्रतिसाद २ : वरील विवेचन मला पटते; तरी वाचकाला तुलना हवीच असते, हेही खरे आहे. तेव्हा निकष वाक्यातच सांगावा : ‘सुवर्णपदकांच्या संख्येत फेल्प्स सरस आहे, तर एकाच वैयक्तिक प्रकारातील सलग विजयांत लोपेझ सरस आहे.’ येथे ‘सरस’ला त्याची जोड मिळते आणि दोघांपैकी कोणावरही अन्याय होत नाही.