विषय: मायलन (इंडियाना) सहल – सीट ४७, नावं ५३

मंडळी,
बस ४७ सीटची आहे, नावं ५३ आली. दुसरी बस परवडत नाही. मराठी शाळेतली मुलं आधी, मग पालक. बाकीच्यांनी आपापल्या गाडीने यावं. मायलनचं बास्केटबॉल संग्रहालय जुन्या बँकेच्या इमारतीत आहे, म्हणून दोन तुकड्या करू. एक आत, एक जेवायला. गाडीने कोण येणार ते गुरुवारपर्यंत कळवा.
– खजिनदार

---

दोन तुकड्या म्हणजे मसालेभात दोनदा गरम ठेवायचा. कोजागिरीला दुसऱ्या पंगतीला गार भात वाढावा लागला होता, मला अजून वाईट वाटतं. सगळे एकदम जेवू या आणि मग आत जाऊ.
– कोलंबसची काकू

---

काकू, जेवण नंतर. मुलांना आधी गावात शिरतानाची पाण्याची काळी टाकी दाखवा. तिच्यावर ‘स्टेट चॅम्प्स १९५४’, म्हणजे बास्केटबॉलचे राज्यविजेते, असं अजून लिहिलेलं आहे. मायलनच्या शाळेत मुलं किती, तर १६१. मन्सी सेंट्रल केवढी मोठी शाळा, आणि अंतिम सामन्यात तिला ३२-३० ने हरवलं. २० मार्च, बटलर फील्डहाउस. मागे असताना मायलनचा बॉबी प्लम्प चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून उभा राहिला, आणि शेवटची बास्केट त्यानेच टाकली.
– फिशर्सकर

---

चेंडू धरून उभं राहणं हा खेळ नव्हे. आम्ही कबड्डीत आघाडी असताना वेळ काढायचो तर मास्तर मैदानाबाहेर बसवायचे. आता तर सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ असते, गुण मिळवा नाहीतर बाद. मुलांना हे शिकवायचं?
– डेटनचे आजोबा

---

आजोबा, तुम्ही आघाडीवर असताना वेळ काढत होता, मायलन दोन गुणांनी मागे होती. मागे असताना न घाबरणं याला धीर म्हणतात. मायलनचे प्रशिक्षक मार्विन वूड तेव्हा अगदी तरुण होते, आदल्या वर्षीही त्यांनी याच मुलांना उपांत्य फेरीपर्यंत नेलं होतं. चेंडू किती वेळात टाकायचा याचं घड्याळ नियमात नव्हतं. व्यावसायिक स्पर्धेत, एनबीएत, २४ सेकंदांचं घड्याळ त्यानंतरच्या मोसमात आलं.
– फिशर्सकर

---

मंडळी, सीटचं कुणीच बोलत नाही. गुरुवार.
– खजिनदार

---

माझी एक विनंती. त्याच १९५४ मध्ये मायलनने वाटेत इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेला ६५-५२ ने हरवलं. ॲटक्सच्या संघात पुढे नामांकित झालेला ऑस्कर रॉबर्टसन होता, तेव्हा दहावीत. ॲटक्स ही फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२७ ला उघडलेली शाळा. पुढच्याच वर्षी, १९५५ ला, त्यांनी राज्य जिंकलं, ५६ ला एकही सामना न हरता पुन्हा जिंकलं. तरी ५५ ची मिरवणूक शहराच्या मधोमध न थांबवता त्यांच्याच वस्तीतल्या उद्यानाकडे वळवली. मायलनच्या मुलांना कॅडिलॅकमधून घरी नेलं होतं. माझ्या मुलीला हे दोन्ही एकाच दिवशी कळावं असं मला फार वाटतं. ॲटक्समध्येही संग्रहालय आहे, आणि आपण इंडियानापोलिसहूनच निघतो.
– कार्मेलची मुलीची आई

---

हे मला ठाऊक नव्हतं. माझं चेंडूचं म्हणणं बाजूला ठेवा, ॲटक्सला थांबा. १९९७ पर्यंत या राज्यात लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत उतरायच्या, आता पटावरून गट पाडतात. आमच्या तालुक्यातल्या शाळेलाही खो-खोत जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळेशीच खेळावं लागायचं. हरायचो, पण तिच्याशीच खेळायचो.
– डेटनचे आजोबा

---

ॲटक्सला थांबायचं तर बस नऊलाच सुटली पाहिजे, नाहीतर चालकाचे तास भरतील. तिथे शनिवारी उघडं असतं का हे कार्मेलकरांनी फोन करून विचारावं. गाडीने येणाऱ्यांची नावं अजून चारच आली.
– खजिनदार

---

माझी सीट त्या मुलीच्या आईला द्या. मी गाडीने येते, भात डिकीत. ॲटक्सला उतरू, मायलनला टाकीखाली जेवू.
– कोलंबसची काकू