म्युनिक ते गार्डा तळं गाडीने: व्हिन्येट, ब्रेनर आणि दादाचं लायसन्स

गोदाकाठचा_म्युनिककर:
जुलैत नाशिकहून दादा-वहिनी येताहेत. भाड्याच्या गाडीने कुफ्श्टाइन, इन्सब्रुक, ब्रेनर खिंडीमार्गे इटलीतल्या गार्डाला जायचंय, येताना व्हेरोना. सगळं आठवड्याभरात. ऑस्ट्रिया नुसती ओलांडायची तरी व्हिन्येट, म्हणजे तिथल्या महामार्गांचा ठरावीक मुदतीचा पास, लागतं का? आणि दादाही चालवेन म्हणतोय, त्याचं लायसन्स भारतीय आहे.

ऑग्सबुर्गची_काकू:
लागतंच. कुफ्श्टाइन-झ्यूडच्या एक्झिटपर्यंत माफी आहे, पुढे नाही. दहा दिवसांचं डिजिटल घे, जाणं-येणं दोन्ही भागेल. ते गाडीच्या नंबरवर निघतं, म्हणून किल्ली हातात पडल्यावर आस्फिनागच्या (ऑस्ट्रियाचे महामार्ग सांभाळणारी कंपनी) साइटवर काढ. लगेच चालू होतं. वार्षिक ऑनलाइन घेतलंस तर अठरा दिवस थांबावं लागतं.

इन्सब्रुक ते ब्रेनरचा टोल मात्र वेगळा. आणि शनिवारी निघू नकोस रे बाबा! त्याच रस्त्यावरच्या लुएग पुलाचं काम २०२५ पासून चाललंय, एरवी एकेकच लेन असते. गर्दीच्या दिवशी दोन करतात, तरी रांग लागतेच. मग मोबाइल म्हणतो खाली उतर, गावातून जा. ते करायचं नाही. टिरोलमध्ये, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांतात, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी टोलरस्ता सोडून गावांतून पुढे जायला बंदी असते, पोलीस सरळ मागे वळवतात. ज्यांच्या अंगणातून हा सगळा युरोप समुद्राला जातो, त्यांचा वैताग मला तरी पटतो.

रांग थांबली की मधे रुग्णवाहिकेला वाट सोडायची. डावीकडची लेन डावीकडे सरकते, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. दादाला हे आधीच सांगून ठेव, आपल्याकडे मोकळी जागा दिसली की गाडी घुसते.

पुणेरी_पाहुणा:
दादाला येण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढायला सांगा, वर्षभर चालतं. मूळ लायसन्सही जवळ हवं. भाड्याच्या करारात दुसरा चालक म्हणून त्याचं नाव घाला, आणि ऑस्ट्रिया-इटलीला गाडी नेण्याची परवानगी आहे का तेही बघा.

गोदाकाठचा_म्युनिककर:
काकू, इटलीत टोल कसा भरायचा?

ऑग्सबुर्गची_काकू:
ब्रेनर ओलांडल्यावर श्टेर्झिंगच्या टोलनाक्यावर तिकीट घ्यायचं, उतरताना अंतराप्रमाणे पैसे. नुसतं टेलेपास (आपल्या फास्टॅगसारखं) लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये शिरू नकोस. आणि व्हेरोनात गाडी जुन्या गावाबाहेर ठेवून चालत जा. आत झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग, आहे, कॅमेरे नंबर टिपतात. दंडाचं पत्र कितीतरी महिन्यांनी येतं, वर गाडीवाले आपला आकार लावतात तो वेगळाच.