धर्माला पटत नाही म्हणून युनियनची वर्गणी माफ? माझ्या मते हो, पण पैसे खिशात राहता कामा नयेत

चार्ल्सकाठ

बॉस्टनमध्ये पीएचडी करणारी मराठी पोरं आता बरीच आहेत, आणि चार जण जेवायला जमलो की हा विषय निघतोच निघतो, म्हणून इथे सविस्तर टाकतोय.

आधी प्रकरण सांगतो. एमआयटीत २०२२ ला ग्रॅज्युएट स्टुडंट्सची युनियन निवडून आली, ती यूई नावाच्या जुन्या राष्ट्रीय युनियनशी जोडलेली आहे, आणि या यूईने २०१५ मध्येच इस्रायलवर बहिष्काराच्या चळवळीला पाठिंबा दिलेला. संस्थेबरोबरच्या करारात असं आहे की सभासद व्हा किंवा नका होऊ, पैसे भरावे लागतात. २०२४ मध्ये काही ज्यू विद्यार्थ्यांनी कळवलं की आमच्या श्रद्धेला धरून आम्ही या संघटनेला पैसे देऊ शकत नाही, आमची रक्कम एखाद्या धर्मादाय संस्थेला जाऊ द्या. त्यावर युनियनचं म्हणणं काय, तर ज्यू धर्मात युनियनचं सभासद होऊ नये किंवा वर्गणी देऊ नये असं काही सांगितलेलं नाही! मग प्रकरण ईईओसीकडे गेलं, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारा सरकारी आयोग, आणि शेवटी त्या मुलांचे पैसे चॅरिटीकडे वळवायला युनियन तयार झाली.

मी स्वतः युनियनचा सभासद आहे, वर्गणी मनापासून भरतो, स्टायपेंड आणि डेंटलचं जे काही झालं ते युनियनमुळे झालं असं मला वाटतं. तरीही हे उत्तर वाचून मला संताप आला. तुझा धर्म काय सांगतो हे तुला युनियनने सांगायचं? १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा मालकाला लागू आहे तसाच युनियनलाही लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. श्रद्धा प्रामाणिक असेल आणि सोय करून देण्यात फार मोठी अडचण नसेल तर ती करून द्यायची, एवढं साधं आहे.

आणि ही काही नवीन भानगड नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युनियनपासून लांब राहत आलेत, त्यांच्या एलन व्हाइट यांनी तसं लिहूनच ठेवलंय. (पुणेकरांना हा पंथ माहीत असेल, औंध रोडचं स्पायसर कॉलेज आणि सॅलिसबरी पार्कचं ॲडव्हेंटिस्ट हॉस्पिटल त्यांचंच.) त्यांच्यासारख्यांसाठी १९७४ मध्ये आधी हॉस्पिटल कामगारांना आणि मग १९८० मध्ये सगळ्यांना लागू होईल असं कलम कामगार कायद्यात आलं. त्यात पैसे माफ नाहीत, वर्गणीइतकीच रक्कम धार्मिकही नाही आणि कामगार संघटनाही नाही अशा चॅरिटीला द्यायची, करारात किमान तीन संस्थांची यादी असेल तर त्यातली एक निवडायची. मला हा तोडगा अगदी रास्त वाटतो. तुमचं मत काय?

गेटमीटिंग

साफ असहमत. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका केमिकल कंपनीत युनियनचे सेक्रेटरी होते, त्यामुळे वर्गणी गोळा करणं म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलंय. पावती पुस्तक घेऊन माणसामागे फिरायचं, आणि नेमका जो पावती फाडत नाही तोच ॲग्रीमेंट झाल्यावर फरकाची रक्कम मोजायला पहिला. आयत्या पिठावर रेघोट्या.

अमेरिकेत तर हे जास्तच लागू पडतं, कारण तिथे युनियन एकदा निवडून आली की तिला त्या युनिटमधल्या प्रत्येकाचं प्रतिनिधित्व करावंच लागतं, सभासद असो नसो. पगारवाढ सगळ्यांना, मेडिकल सगळ्यांना, ग्रीव्हन्स, म्हणजे मालकाविरुद्धची तक्रार, सगळ्यांची लढायची. तळमजल्यावर राहतो म्हणून लिफ्टचा मेंटेनन्स देणार नाही म्हणणारा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो, पण निदान तो लिफ्ट वापरत तरी नाही, हे लोक लिफ्ट वापरून वर पैसे देत नाहीत.

दुसरं म्हणजे तू ॲडव्हेंटिस्ट आणि एमआयटीची मुलं एकाच पोत्यात भरलीस. ॲडव्हेंटिस्टांचा विरोध कुठल्याही युनियनला आहे, त्या मुलांचा विरोध यूईच्या एका ठरावाला आहे. ठराव पटला नाही तर मीटिंगला या, बोला, मत द्या, पाडा ठराव. आज बहिष्काराचा ठराव, उद्या गर्भपात, परवा अजून काही, आणि प्रत्येक राजकीय मतभेदाला धर्माचा सदरा घालायचा. डेट्रॉइट युनिव्हर्सिटीतल्या एका कॅथलिक प्राध्यापकाची केस अशीच होती ना, युनियन गर्भपाताच्या बाजूने आहे म्हणून फी देणार नाही.

चार्ल्सकाठ

@गेटमीटिंग, पण लिफ्टवाला इथे पैसे वाचवत नाहीये ना. एक डॉलरसुद्धा त्याच्या खिशात राहत नाही, सगळे चॅरिटीला जातात. म्हणूनच तर मला ही अट महत्त्वाची वाटते. फुकट्याला यात काय फायदा? नुसता पत्रव्यवहाराचा ताप. जो माणूस तेवढेच पैसे दुसरीकडे द्यायला तयार आहे त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी तरी शंका घेणार नाही.

आणि एका ठरावापुरता विरोध असेल तर ईईओसीच्या मार्गदर्शनात त्यालाही वाट आहे, त्या कारणावर खर्च होणारा हिस्साच फक्त कमी करायचा किंवा चॅरिटीला वळवायचा, किंवा पूर्ण रक्कम वळवायची.

गेटमीटिंग

खिशात राहत नाहीत हे बरोबर, पण युनियनच्या तिजोरीतून तर गेले ना! वकील कोण देणार, संपाचा फंड कुठून येणार? कॅन्सर सोसायटीला गेलेल्या पैशातून शॉप स्टुअर्डचं, म्हणजे कामाच्या जागीच असणाऱ्या युनियन प्रतिनिधीचं, ट्रेनिंग होत नाही. आणि फुकट्याला फायदा नाही म्हणतोस, पण युनियन मोडायचीच आहे अशा माणसाला फायदा आहे. एमआयटीच्या केसमागे नॅशनल राइट टू वर्क फाउंडेशन होतं, ते काही ज्यू धर्माच्या अभ्यासकांचं मंडळ नाही, सक्तीच्या वर्गणीविरुद्ध जिथे मिळेल तिथे केस लढणं हेच त्यांचं काम. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकरांची सक्तीची फी घटनाबाह्य ठरवली ती जॅनसची केस पण त्यांनीच लढवली. त्या मुलांच्या श्रद्धेचा अपमान करत नाहीये मी, पण त्यांच्या खांद्यावर बंदूक कोणाची आहे ते बघा.

वऱ्हाडी_ठेचा

मुळात सक्तीच कायले पाहिजे? २६ राज्यात राइट टू वर्क कायदा आहे, तिथं वर्गणी द्यायची तर द्या नाहीतर नका देऊ, धर्म सांगायची गरजच नाही. ब्रिटनमध्ये १९७६ ले रेल्वेतल्या तिघांची नोकरी गेली युनियनमध्ये जायला नकार दिला म्हणून, ते युरोपियन कोर्टात गेले अन् १९८१ मध्ये जिंकले, अन् पुढं १९९० पर्यंत तिथली ती क्लोज्ड शॉपची, म्हणजे युनियनमध्ये असाल तरच नोकरी, अशी पद्धतच कायद्यानं मोडीत काढली. सक्ती काढा, सवलतीचा प्रश्नच मिटला. मनातलं कारण दुसऱ्याले सांगायची वेळ कोणावर येऊच नये.

रातपाळी

न्यू जर्सीत नर्स आहे, आमच्याकडे युनियन आहे आणि आमचं राज्य राइट टू वर्क नाही. इथे सगळे तत्त्वाचं बोलताय म्हणून प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते.

आमच्या फ्लोअरवर एक फिलिपिनो सिस्टर आहे, ॲडव्हेंटिस्ट. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत तिचा सब्बाथ, म्हणजे काम न करायचा पवित्र दिवस, ती ड्युटी ती कधीच घेत नाही, बदल्यात आमच्या सगळ्यांच्या रविवारच्या नाइट करते. तिची वर्गणी चॅरिटीला जाते, कराराच्या पुस्तिकेत मागच्या बाजूला संस्थांची नावं आहेत त्यातली लहान मुलांची एक तिने निवडलीय. दरवर्षी पावती आणून देते, कोणी मागायच्या आत. तिच्याबद्दल कोणाच्या मनात फुकटी वगैरे शब्द येऊच शकत नाही.

पण संप झाला तेव्हा ती आत गेली. आम्ही बाहेर थंडीत बोर्ड घेऊन उभ्या, पगार बंद, आणि ती खाली मान घालून गेटमधून आत. तेव्हा फार लागलं हो. आमच्या संपाची मुख्य मागणी एका नर्समागे पेशंट किती हीच होती, ते प्रमाण सुधारलं आणि त्याचा फायदा तिलाही होतोय. नंतर मेडिकेशन एररच्या आरोपावरून तिच्यावर कारवाई सुरू झाली तेव्हा स्टुअर्ड तिच्या शेजारी बसला, सगळी कागदपत्रं काढली, चार्टिंगच्या वेळा तपासल्या आणि ती वॉर्निंग काढून टाकायला लावली. @चार्ल्सकाठ, तुम्ही जे १९८० चं कलम सांगितलं त्यातच पुढे आहे की अशा माणसाने ग्रीव्हन्स लढायला सांगितली तर युनियन त्याचा वाजवी खर्च त्याच्याकडून घेऊ शकते, ते तुम्ही सांगितलं नाहीत. आमच्या युनियनने घेतला नाही तो भाग वेगळा. मला वाटतं घ्यायला हवा होता, आणि तिने दिलाही असता.

निरीश्वर

मी नास्तिक आहे आणि मला इथे सगळ्यात जास्त खटकतं ते हे की सवलत मिळायला देव लागतो. समजा माझी युनियन शस्त्रास्त्रांच्या कारखान्याला काम मिळावं म्हणून लॉबिंग करते आणि मी कट्टर अहिंसावादी आहे, कुठल्या ग्रंथात लिहिलंय म्हणून नाही, विचार करून झालोय. माझी सदसद्विवेकबुद्धी ॲडव्हेंटिस्ट माणसापेक्षा हलकी कशी? एकतर सगळ्यांच्या विवेकाला सारखा मान द्या नाहीतर कोणालाच देऊ नका.

चार्ल्सकाठ

@निरीश्वर, कायदा तुम्हाला वाटतं तितका अरुंद नाही. १९६५ आणि १९७० मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टाने देव न मानणाऱ्याच्याही खोल नैतिक श्रद्धेला धर्माच्या बरोबरीने धरलं आणि ईईओसीसुद्धा तीच व्याख्या वापरते. तुमच्या अहिंसेला तिथे जागा मिळू शकते. नुसतं राजकीय किंवा आर्थिक मत असेल तर मात्र नाही, आणि ते मला बरोबर वाटतं, कारण तसं केलं तर गेटमीटिंग म्हणतोय ते खरंच होईल.

१९८० च्या कलमातला मला न पटणारा भाग हाच आहे. त्यात सवलत फक्त अशा पंथाच्या माणसाला आहे ज्या पंथाचा युनियनला पूर्वापार विरोध आहे. म्हणजे ॲडव्हेंटिस्टाला हो, आणि एकट्याने तसाच विचार करणाऱ्या कॅथलिकाला नाही. सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने १९९० मध्ये ते कलम याच कारणाने घटनाबाह्य ठरवलं, सरकार एका धर्मपंथाला दुसऱ्यापेक्षा झुकतं माप देतंय म्हणून. श्रद्धा माणसाची बघायची, त्याच्या पंथाचं रजिस्टर नाही. एमआयटीच्या मुलांना ज्यू धर्मात असं काही नाही हे उत्तर देणं हीच ती चूक.

@रातपाळी, खर्चाचं तुमचं म्हणणं मान्य, पूर्ण पाठिंबा. संपाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

टोरंटोकर

कॅनडात १९४५ च्या विंडसरमधल्या फोर्डच्या संपानंतर न्यायमूर्ती रँड यांनी मध्यम मार्ग काढला, सभासद होणं ऐच्छिक पण वर्गणीची कपात सगळ्यांची. ऑन्टॅरिओत धर्माच्या कारणाने चॅरिटीला देण्याची सोय आहे, पण सक्तीचं कलम पहिल्यांदा करारात आलं तेव्हा जे आधीपासून नोकरीत होते त्यांनाच, नंतर लागलेल्यांना नाही. नोकरी घेताना माहीत होतं ना, मग घेतलीस कशाला, असा तो हिशोब. मला ते पटतं.

लेबरकोर्टवाला

@टोरंटोकर, नाही पटत. घर चालवायचंय, व्हिसा आहे, त्या गावात तेवढं एकच हॉस्पिटल आहे, अशा माणसाला माहीत होतं ना म्हणणं सोपं आहे.

पुण्यात कामगार कायद्याची प्रॅक्टिस करतो म्हणून आपल्याकडचं सांगतो. भारतात युनियनचं सभासदत्व कायद्याने सक्तीचं नाही आणि पगारातून वर्गणी कापायची तर कामगाराची लेखी संमती लागते. त्यामुळे धर्माचा प्रश्न कोर्टापर्यंत येतच नाही, मी तरी पाहिला नाही. वऱ्हाडीभाऊंना हे आवडेल. पण त्याची किंमतही बघा. औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या कारवाईत झालेला करार कारखान्यातल्या सगळ्यांना बांधायचा, सभासद असो नसो, म्हणजे फायदा सगळ्यांना आणि वर्गणी मोजक्यांची. मग युनियन काय करते, करार झाला की फरकाच्या रकमेतून एकरकमी काही हजार कापून घ्यायचं कलम करारातच घालते, आणि त्यावरून भांडणं. सक्ती दारातून घालवली की खिडकीतून येते.

आणि विवेकाचा प्रश्न आपल्याकडे नव्हता असं नाही, तो धर्माच्या नावाने आला नाही इतकंच. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांमध्ये वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर. ज्या युनियनवर विश्वास उरला नाही तीच कायद्याने आपल्या वतीने बोलणार, यातून सुटायला त्या कामगारांकडे कुठलंही सवलतीचं पत्र नव्हतं.

गेटमीटिंग

गिरण्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे कामगारांना युनियन नको नव्हती, दुसरी युनियन हवी होती. त्यावर उपाय गुप्त मतदानाने युनियन निवडणं हा होता, एकेकाने बाजूला होणं नाही.

तरी रातपाळी ताईंचं वाचून एवढं म्हणेन की पूर्वापार युनियनविरोधी पंथाच्या माणसाला, चॅरिटीची पावती आणि ग्रीव्हन्सचा खर्च घेऊन, सवलत द्यायला माझी हरकत नाही. ठरावाला विरोध म्हणून मागणाऱ्याला मात्र नाही म्हणजे नाही.

चार्ल्सकाठ

मग त्या ज्यू मुलीने काय करायचं, जिला महिन्याच्या स्लिपवर ती कपात बघून खरंच वाटतं की आपण आपल्याच लोकांविरुद्ध पैसे देतोय? मीटिंगला जा म्हणतोस. गेली, बोलली, हरली, राष्ट्रीय युनियनचा ठराव एका कॅम्पसच्या मतांनी पडत नाही. पुढे?

गेटमीटिंग

पुढे पुन्हा उभं राहायचं. आम्ही हरलेले ठरावसुद्धा वर्गणी भरूनच पुढच्या वर्षी परत आणलेत.

रातपाळी

ज्याच्या मनाला टोचत नाही त्याने पुढच्या वर्षापर्यंत थांबावं भाऊ, तिने का थांबायचं?