मदत हवी आहे: पायथनची स्क्रिप्ट दर बिलाला नव्याने सुरू होते

नमस्कार मंडळी. म्हापशात आमचं किराणा मालाचं दुकान आहे. काउंटरवरच्या लिनक्स संगणकावर प्रत्येक बिलाला एक पायथन स्क्रिप्ट चालते: दर काढते, जीएसटी लावते, पावती छापते. एका बिलाला साधारण २ सेकंद लागतात. एरवी चालतं, पण शुक्रवारच्या बाजाराला आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान घ्यायला गर्दी होते, तेव्हा लोक ताटकळतात. म्हाताऱ्या माणसांना उभं ठेवणं मला खरंच बरं वाटत नाही.

कुठला भाग लोड व्हायला किती वेळ लागतो ते दाखवणारा पायथनचा ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ हा पर्याय लावून पाहिला. हिशेबाला वेळ लागतच नाही, जवळजवळ सगळा वेळ पांडाज (तक्त्यांवर काम करणारी पायथनची लायब्ररी) लोड होण्यात जातो. पांडाज काढून टाकणं हा सरळ उपाय, पण दरपत्रकाचं सगळं काम त्यावर आहे.

म्हणून इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) सकाळीच सुरू करून दिवसभर चालू ठेवावा, बिल आलं की युनिक्स सॉकेटवरून (एकाच संगणकावरच्या दोन प्रोग्रॅममधल्या दुव्यावरून) मागणी पाठवावी, असा विचार आहे. मागणी पाठवणारा प्रोग्रॅम पायथनचा नको, नाहीतर तिथेही इंटरप्रिटर सुरू होण्याचा वेळ जाणारच. सोकॅट हे सॉकेटला जोडून देणारं छोटं साधन पुरेल ना?

खरी भीती वेगळी आहे. आधीच्या गिऱ्हाइकाची रक्कम ग्लोबल व्हेरिएबलमध्ये राहून पुढच्याच्या बिलात गेली तर? प्रत्येक बिलाला फोर्क केलं, म्हणजे चालू प्रोसेसची वेगळी प्रत (मूल) काढली, तर हे टळेल असं वाटतं. मग एसक्यूलाइट डेटाबेसचं कनेक्शन फोर्कनंतर मुलात उघडायचं, बरोबर? आणि दर बदलले की चालू प्रोसेसला ते कसं कळवता? कोणी असं चालवत असाल तर कृपया सांगा.