क्राफ्ट बिअर आणि गाण्यांची यादी: तुमच्या नागपुरी जोड्या सांगा

आमच्या मित्रमंडळात एक पद्धत रुळली आहे: ग्लास बदलला की गाण्याचा बाज बदलायचा. सुरुवात गव्हाच्या बिअरने, मग पेल एल, आयपीए (म्हणजे इंडिया पेल एल, जास्त कडवट) आणि शेवटी भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट. हा क्रम उलटा केला तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) आणि भाजलेल्या धान्याचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि व्हीट बिअर पाण्यासारखी लागते. गाण्यांचंही तेच. मेटल ऐकून झाल्यावर सरोदची मींड कानाला पोचतच नाही.

चव आणि स्वर यांचा संबंध तपासूनही झाला आहे. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीच कडूगोड टॉफी लोकांना उंच स्वरांसोबत जास्त गोड लागली आणि खर्जासोबत जास्त कडू. तुमचे अनुभव लिहा, जमलेले आणि फसलेलेही.

धरमपेठ
माझी आवडती हेफेवायझेन, म्हणजे जर्मन गव्हाची बिअर. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, वरून काही घातलेलं नसतं. तिच्यासोबत मी ब्राझीलची बोसा नोव्हा लावते. नायलॉनच्या तारांची गिटार, हलका ताल. संतूरही छान जमतं. पण ग्लास लहान घ्या. आपल्या मे महिन्यात मोठा ग्लास अर्धा होईस्तोवर गरम होतो.

महाल
राजेहो, सावजीसंगं आयपीए घेऊ नका! हॉप्सचा कडूपणा अन् वरतून गॅस, तिखट अजूनच पेटते. मटण असलं का आमी साधी व्हीट बिअर घेतो अन् खडी गंमतीची, म्हंजे आपल्या लोकनाट्याची ढोलकी लावतो. मित्र म्हणे, जॅझ लाव. लावलं बाप्पा, पण रस्सा खाऊन राहिलेल्या माणसाले ठेका पायजे. ढोलकीनंतर नायजेरियाचं आफ्रोबीट लावून पाहा, ते मात्र लय जमते.

रामदासपेठ
स्टाउट फ्रीजमधून काढल्याबरोबर पिऊ नये. दहा-बारा अंशांवर आली की कॉफी आणि कोको उलगडतात. तेवढ्या वेळात धृपदाचा आलाप मंद्र सप्तकात स्थिरावतो. रुद्रवीणा असेल तर मला दुसरं काही नको.

सदर
वरच्या मताशी सहमत नाही. स्टाउट आधीच कडू, त्यात खर्ज कशाला? तुम्हीच सांगितलेला प्रयोग पाहा. मी बासरी किंवा उंच पट्टीतला कोरा (पश्चिम आफ्रिकेचं तंतुवाद्य) लावतो, म्हणजे माल्टमधला (मोड आणून वाळवलेल्या धान्यातला) गोडवा वर येतो. धृपद मला प्रिय आहे, पण ते मी सकाळी चहासोबत ऐकतो.

प्रतापनगर
मी पीत नाही. मित्रांना घरी सोडायचं काम माझं, म्हणून यादीही माझ्याच हातात असते. आवाज इतकाच ठेवते की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागू नये. कव्वाली, रेगे, मारवा, माळव्याची लोकगीतं सगळं असतं. तुकडोजी महाराजांची भजनं मात्र या यादीत कधीच नसतात. ते व्यसनाविरुद्ध बोलत राहिले, त्यांचं गाणं ग्लासांच्या मध्ये वाजवणं मला पटत नाही.

मूळ नागपूर, सध्या पुणे
बेल्जियन विटबिअरमध्ये (तिकडच्या गव्हाच्या बिअरमध्ये) धने आणि संत्र्याची साल असते हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग संत्रं आपलंच पाहिजे!" ग्लासावर सालीचा फक्त पातळ केशरी भाग पिळायचा, आतला पांढरा भाग कडू असतो. बाबांचा आग्रह नाट्यसंगीताचा, माझा क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकसंगीतातल्या क्लॅरिनेटचा. ऑर्गन आणि क्लॅरिनेट एकामागून एक लावले आणि दोघांचंही समाधान झालं.

पुन्हा मी
प्रतापनगरच्या ताईंचं आवाजाबद्दलचं म्हणणं आम्ही आजपासून पाळणार. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा विटबिअरची बैठक ठरवतोय. नाट्यसंगीत आणि क्लेझ्मर यांच्यामध्ये काय वाजवावं? विदर्भातलं काही असेल तर आधी सांगा.