मदत हवी आहे: नातवाचा स्वेटर धुतल्यावर लांब झाला, उसवू की ठेवू?

पेठेतलीआजी
नमस्कार. नातवासाठी स्वेटर विणायला घेतलाय. पाठ पूर्ण झाली, मापाने बरोबर बेतली होती. एकदा धुऊन बघावी म्हणून धुतली तर चांगली वीतभर लांब झाली. खालची बॉर्डरही ओढली की परत मिटत नाही, पसरून राहते. एक सुलट एक उलट, नेहमीचीच. आमच्या घरातल्या सगळ्यांचे स्वेटर मीच विणलेत, असं कधी झालं नाही. पुढचा भाग अर्ध्यावर आलाय आणि हात थांबलाय. पुढच्या महिन्यात तिकडे जायचंय. माहीत असेल त्यांनीच सांगा, आणि लवकर सांगा. 'हल्ली बाजारात छान तयार मिळतात' असं कृपया कुणी लिहू नका.

चिमणी_२
आजी, किती गोड! बाळ किती महिन्यांचं आहे? लहान बाळांना गळ्याशी नाडी किंवा गोंडे अजिबात लावू नका, तोंडात घालतात. खांद्यावर प्रेसबटणं लावा, डोक्यातून घालताना रडत नाहीत. जावळ असेल तर टोपडं आतून सुती कापडाचं करा.

कर्वेनगरकर
धुण्यात चूक नाही, लोकरीत आहे. मी बायकोला वर्धमानशिवाय दुसरी लोकर आणू देत नाही. अ‍ॅक्रिलिक असल्यामुळे मशीनमध्ये टाका, पिळा, काही होत नाही. माझा स्वेटर मुलगा शाळेत होता तेव्हापासून आहे.

शंकासुर
लोकर कोणती? सुई कितीची? धुतली कशी, वाळवली कशी? १० सेंमीमध्ये किती टाके बसतात? एवढं कळल्याशिवाय सगळे हवेत गोळ्या मारतील (सुरुवात झालीच आहे).

क्रोशावेडी
म्हणून मी सांगते, क्रोशा करा. दोन सुयांवरचं विणकाम सैल पडतंच. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे बंद होतो. माझ्याकडे मुलांच्या जाकिटाचा सोपा नमुना आहे, हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठेतलीआजी
बाळ कुठलं? नातू आठवीत आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलाय. छाती ३६ धरून चाललेय, त्याला सैल आवडतं. सुई ८ नंबर, बॉर्डर १० नंबर, जन्मभर हेच वापरत आले. धुतली हाताने, गार पाण्यात. वाळवली दोरीवर, अजून कुठे वाळवतात? टाके मोजले, १० सेंमीत १७.
क्रोशा मला येतो. विचारलेलं नाही.

कर्वेनगरकर
मग गरम पाण्यात एकदा बुडवून काढा. लोकर गरम पाण्यात आटते हे सगळ्यांना माहीत आहे. वीतभर वाढलीय, वीतभर आटेल.

सुलटउलट
कर्वेनगरकर, कृपा करून असले सल्ले देऊ नका. गरम पाण्यात चोळली की लोकरीवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला गच्च थर होतो. तो वीतभर आटेल की हातभर हे तुमच्या हातात नसतं, आणि एकदा झाला की परत सुटत नाही. शिवाय तुमची अ‍ॅक्रिलिक गरम पाण्यात आटत नाही, उलट ढिली पडून लोंबते. कडक इस्त्रीने तर कायमची मरते.
आजी, ८ नंबरच्या सुईवर नेहमीच्या जाडीची लोकर असेल तर १० सेंमीत २२च्या आसपास टाके यायला हवेत. १७ फारच कमी आहेत. लोकर जाड आहे का?

पेठेतलीआजी
नाही, नेहमीच्याच जाडीची. हात सैल नाहीये माझा.

शंकासुर
लोकर कोणती ते दुसऱ्यांदा विचारतोय.

पेठेतलीआजी
अल्पाकाची. लेक ओरेगनला असते, तिच्या शेजारणीने अल्पाका पाळलेत. तिनेच लोकर कातून दिली, नातवाला तिच्याकडचीच हवी होती कारण त्यातल्या एका तपकिरी अल्पाकाला तो रोज गवत घालतो. नातू तिकडे म्हटल्यावर लोकरही तिकडचीच असणार ना. सुयाही लेकीनेच पाठवल्या, त्याच लोकरीबरोबर.

सुलटउलट
आजी!! हे आधी सांगायचं होतं.
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुईची. लेकीने पाठवलेली ८ नंबरची म्हणजे अमेरिकन ८, ती ५ मिमीची असते. आपल्याकडची ८ नंबर ४ मिमीची. आपले नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. म्हणून तुमचे १७ टाके. बॉर्डरची १० नंबर कुठली, घरची की तिकडची?

पेठेतलीआजी
१० घरचीच, अ‍ॅल्युमिनियमची, माझ्या आईची. ८ तिकडची, बांबूची आहे. जाड वाटली, पण बांबू जाडच असतो म्हटलं. सुईवर ८च लिहिलंय, वाचता येतं मला.

सुलटउलट
तिथे ८च्या शेजारी ५.० मिमी असंही छापलेलं असेल बघा. म्हणजे बॉर्डर सव्वातीन मिमीवर आणि अंग पाच मिमीवर. एवढा फरक पडल्यावर अंग ढगळच होणार.
दुसरी गोष्ट लोकरीची. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला नागमोड असते, ती ओढली की परत आखडते, म्हणून आपली एक सुलट एक उलट बॉर्डर मिटते. अल्पाकाच्या तंतूत ही नागमोड कमी असते, सुरी जातीच्या अल्पाकात तर जवळजवळ नसतेच. ती मऊ आणि गरम असते, पण तिला स्वतःचं आखडणं नाही. त्यात ओली झाली की जड होते, आणि तुम्ही ओली पाठ दोरीवर टांगली. ३६ छातीचा कपडा, भिजलेला, स्वतःच्या वजनाने खाली येणारच.

वाचकमित्र
बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. लामा आणि अल्पाका वेगळे. लामा आकाराने जवळजवळ दुप्पट, ओझी वाहायला. अल्पाका लोकरीसाठी. दोघेही उंटाच्या कुळातले. अल्पाकाचा रानटी पूर्वज विकुन्या. रागावले की थुंकतात, पण सहसा एकमेकांवर. आणि एकाच जागी शेण टाकतात, त्यामुळे कुरण साफ ठेवायला सोपं जातं.

सिंहगडरोडकर
हे फारच इंटरेस्टिंग आहे. आमची पानशेतच्या पुढे दोन एकर जागा नुसती पडून आहे. शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या. अल्पाका पाळले तर? लोकर, शिवाय शनिवार-रविवारी पुण्याची पोरं बघायला येतील. कुणाला पिल्लं कुठे मिळतात माहीत आहे का? वर्षाला एका जनावरापासून किती लोकर निघते?

पेठेतलीआजी
अहो, माझ्या स्वेटरचं बोला की.

रानमाळ
सिंहगडरोडकर, तुम्हाला इमू आठवतात का? २०१० च्या आसपास आपल्याकडे किती जणांनी तारेची कुंपणं घालून इमू आणले, तेल विकू, पिसं विकू म्हणून. खरी विक्री फक्त पिल्लांची, एकाने दुसऱ्याला केलेली. नंतर लोकांनी रात्री सोडून दिले.
अमेरिकेतही अल्पाकांचं बरंचसं तसंच झालं. १९८४ च्या सुमाराला तिकडे आणले गेले, पैदाशीची जनावरं हजारो डॉलरना विकली गेली, आणि २००८ च्या मंदीनंतर भाव कोसळले. लोकरीवर कुणी श्रीमंत झालं नाही. वर्षातून एकदा कातरणी, एका जनावराची दोन-तीन किलो, त्यातली पोटाची-पायांची जाडीभरडी बाजूला काढली की आणखी कमी. एका वेळी एकच पिल्लू, आणि गाभण काळ साडेअकरा महिने.
बाकी अँडीजमध्ये साडेतीन-चार हजार मीटरवर, कोरड्या थंड हवेत राहणारं जनावर तुम्ही पानशेतच्या जुलैत उभं करणार? उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की त्यांना झेपत नाही. परदेशातून जिवंत जनावर आणायला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची परवानगी आणि विलगीकरण लागतं, ते वेगळंच.

सिंहगडरोडकर
कूलर लावता येईल की.

रानमाळ
लावा. वीजबिलाचा धागा वेगळा काढा.
मला खरं वाईट याचं वाटतं की आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीकडे कुणी बघत नाही. पुरंदर, बारामती, फलटणकडचे धनगर वर्षातून दोनदा कातरणी करतात आणि लोकरीचा भाव कातरणाऱ्याची मजुरीही भरून देत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी आणि सुंदरबनची गारोळ यांच्या संकरातून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' काढली, तीही मांसासाठी. लोकरीसाठी आता कोण पाळतंय? घोंगडी विणणारी सनगरांची घरं कमी होत चालली. चिंचोक्याची खळ लावलेली खरी घोंगडी पावसात पाणी आत येऊ देत नाही. सिंहगडरोडकर, तुमच्या दोन एकरांत दख्खनी मेंढ्या ठेवा, निदान त्या इथल्या हवेत जगतील.

चिमणी_२
मग आजी, नातवाला घोंगडीच्या लोकरीचा स्वेटर केला तर? आपल्या मातीतला!

सुलटउलट
चिमणी, तो अंगावर घालून बघ आधी. दख्खनी लोकर जाड, मध्ये केसासारखे तंतू. घोंगडीला उत्तम, मानेला नाही. आठवीतला मुलगा पहिल्या दिवशी काढून टाकेल.

क्रोशावेडी
अल्पाका क्रोशाने केला असता तर लांबला नसता हे मी अजूनही म्हणेन.

सुलटउलट
क्रोशात लोकर जास्त लागते, म्हणजे वजन जास्त, म्हणजे तो आणखी लोंबेल. करून बघितलंय, म्हणून सांगते.

शंकासुर
विषयाकडे येऊ या. आजी, पुढच्या महिन्यात कधी निघायचंय, सुरुवातीला की शेवटी? त्यावर उसवायचं की नाही ते ठरेल.

पेठेतलीआजी
शेवटी. पण मध्ये दिवाळीची कामं आहेत आणि मोतीबिंदूची तपासणी. रात्री विणता येत नाही, तपकिरी लोकरीवर टाके दिसत नाहीत.

सुलटउलट
मग वेळ आहे. मी तुमच्या जागी असते तर उसवलं असतं, पण बॉर्डरपर्यंतच. बॉर्डर घरच्या १० नंबरवर आहे, ती ठेवा. सैल वाटते तर पुढच्या भागाला आणि बाह्यांना सुलटा टाका मागच्या बाजूने सुई घालून विणा. टाक्याला पीळ बसतो, बॉर्डर घट्ट राहते. अंग घरच्या ८ नंबरवर, म्हणजे ४ मिमीवर. आधी हातभर नको, चार बोटं रुंद तुकडा विणा, भिजवा, सपाट वाळवा, मग खालच्या कडेला कपड्याचे चिमटे लावून रात्रभर टांगा. किती वाढतो ते बघून लांबी धरा. थोडा वाढणारच, तेवढी लांबी कमी बेता.
टाके जास्त लागतील हे विसरू नका. १७ च्या जागी २२ आले तर आधी ८० टाक्यांवर जे अंग होत होतं त्याला १०३-१०४ लागतील. बॉर्डरनंतरच्या पहिल्या सुलट ओळीत समान अंतराने वाढवून घ्या.
खांद्याच्या आणि मागच्या गळ्याच्या शिवणीत आतून सुती फीत शिवा. सगळं वजन तिथून लटकतं. आणि गोल सुईवर बिनशिवणीचं करू नका, बाजूच्या शिवणी आधार देतात.
धुताना गार पाणी, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, कॉटवर दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर पसरायचं, हाताने मापात आणायचं. गच्ची नाही, दोरी नाही.

कर्वेनगरकर
एवढा व्याप करण्यापेक्षा वर्धमान बरी. मुलगा तिकडे मशीनमध्येच टाकणार आहे, लिहून ठेवा.

शंकासुर
हे मात्र खरं आहे. आजी, लेकीला धुण्याचं सांगून ठेवा, स्वेटरच्या आत चिठ्ठी शिवा हवं तर.

पेठेतलीआजी
लेकीला धुणं मीच शिकवलंय.
उसवायला सुरुवात केली. तंतू एकमेकांना धरून बसतात, मेंढीच्या लोकरीसारखी सरळ सुटत नाही. निघालेली लोकर सगळी वळ्या-वळ्यांची झालीय, तशीच विणू का?

सुलटउलट
तशीच नको, टाके वेडेवाकडे येतील. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, गार पाण्यात अर्धा तास बुडवा, टॉवेलमध्ये दाबा आणि टांगून वाळवा. लडीला टांगायला हरकत नाही, सरळच व्हायला हवी ती. अडकलेल्या जागी ओढू नका, कात्रीही नको, बोटाने सोडवा.

सिंहगडरोडकर
दख्खनी मेंढीची जोडी साधारण कितीला पडते? आणि दोन एकरात किती राहतील?

रानमाळ
व्यनि केला आहे. आधी चारा कुठून आणणार ते सांगा.

पेठेतलीआजी
नवा तुकडा विणून रात्रभर टांगला. बोटभर वाढला, तेवढं चालेल. १० सेंमीत २१ आले. आता लोकर पुरेल का हा प्रश्न आहे. शेजारणीने दिलेल्या लड्यांवर काही लिहिलेलं नाही, घरची कातलेली आहे. उसवलेली धरून साडेपाचशे ग्रॅम भरतेय, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. बाह्या लांब हव्यात.

सुलटउलट
एक लहान लडी मोजपट्टीने मोजा, तिचं वजन करा, त्यावरून सगळ्या लोकरीचे मीटर काढा. ३६ छाती आणि लांब बाह्यांना साधारण बाराशे मीटर हाताशी हवेत. कमी भरले तर बाह्या आधी विणा आणि शेजारणीला आत्ताच कळवा, कारण पुढची कातरणी त्यांच्याकडे वसंतातच होते.